सही न केलेला कागद

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली मुंबईत ‘दर्पण’ काढलं. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९५७ साली, रंगूनमध्ये ‘चेमोन’ नावाचं दैनिक निघालं. बर्मी भाषेत चेमोन म्हणजे आरसा. या पुस्तकाचे चरित्रनायक त्या आरशाच्या कचेरीत संपादकीय विभागात रुजू झाले आणि पुढे ज्या दैनिकाचे ते मुख्य संपादक झाले, त्याचं नाव ‘हंतावदी’. हेही नाव कानाला वाटतं तितकं परकं नाही. मूळ शब्द हंसवती. पेगूच्या जुन्या मोन राजधानीचं ते नाव, बर्मी जिभेवर घासून घासून हंतावदी झालेलं.

ब्रह्मदेशात आडनावं नसतात. ‘ऊ’ हा वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावामागे लावायचा आदरार्थी शब्द, आपल्याकडे नावापुढे ‘राव’ लागतो तसा. आपले चरित्रनायक ऊ विन तिन यांना त्यांची माणसं ‘साया’ म्हणत. साया म्हणजे गुरुजी. लोकांनी त्यांच्या नावाआधी आणखी एक शब्द जोडला होता: हंतावदी ऊ विन तिन. पत्र १९७८ साली सरकारने बंद केलं, माणूस २०१४ साली गेला. मधली छत्तीस वर्षं ते पत्र फक्त या माणसाच्या नावात चालू राहिलं.

या माणसाची आणि माझी पहिली गाठ पडली ती मला अभिमान वाटावा अशा रीतीने नव्हे. २००८ च्या सप्टेंबरात मी एका दैनिकात रात्रपाळीला होतो. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स आठवडाभरापूर्वी बुडालेली, परदेशाचं पान त्याच बातम्यांनी गच्च. त्यात वृत्तसंस्थेकडून एक बातमी आली: ब्रह्मदेशात ७८ वर्षांच्या एका संपादकाची १९ वर्षांनंतर सुटका. मी ती चार ओळींची केली आणि सिंगल कॉलमात तळाला टाकली. डाक आवृत्ती सोडायची घाई होती. घरी जाताना लोकलमध्ये हिशेब केला, तेव्हा सुमारे पावणेपाच वर्षांना एक ओळ पडली होती. पुढे निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, तेव्हा त्या चार ओळी वाढवायला बसलो. त्याचं झालं ते हे पुस्तक.

जन्म १९३०चा, पेगू प्रांतातल्या जोबिंगाउक गावचा. देश स्वतंत्र झाला १९४८ साली. म्हणजे स्वातंत्र्य आणि तारुण्य त्यांना एकदमच मिळालं. पत्रकारिता ते एका फ्रेंच वृत्तसंस्थेच्या रंगून कचेरीत, रात्रपाळीच्या टेबलावर शिकले. मग तीन वर्षं हॉलंडमध्ये एका प्रकाशनसंस्थेत काढली. परतले ते ‘चेमोन’मध्ये. त्या काळचं रंगून हे आशियातल्या बोलक्या शहरांपैकी एक होतं. बर्मी, इंग्रजी, चिनी, शिवाय भारतीय भाषांतलीही दैनिकं तिथे निघत. इंग्रजी ‘नेशन’चे एडवर्ड लॉ-योन यांच्यासारखे संपादक मंत्र्यांना सकाळी सकाळी घाम फोडत. हे सगळं १९५०च्या दशकात चाललं होतं. पुढे जे बुडालं ते किती भरलेलं होतं, हे ठाऊक असल्याशिवाय बुडण्याचा अर्थ लागत नाही, म्हणून मी या काळावर पुस्तकात बरीच पानं खर्च केली आहेत.

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. त्याच वर्षी छापखाने आणि प्रकाशनांच्या नोंदणीचा कायदा आला. पुढच्या वर्षी ‘नेशन’ बंद पडलं आणि लॉ-योन तुरुंगात गेले. १९६४ साली ‘चेमोन’ सरकारजमा झालं. त्याचे संस्थापक ऊ थाउंग हेही गजाआड गेले. १९६६ पर्यंत खासगी दैनिकांची छापणीच जवळजवळ संपली. मंडालेचं ‘लूडू’, म्हणजे ‘लोक’, कसंबसं तग धरून होतं, तेही १९६७ साली बंद केलं गेलं. हे पत्र चालवणारे ऊ ल्हा आणि दॉ अमा हे पतिपत्नी म्हणजे मंडालेचं वाङ्मयीन घरच. ऊ ल्हांना आधीच्या लोकशाही सरकारनेही तीन वर्षं आत ठेवलं होतं आणि तिथे त्यांनी सोबतच्या कैद्यांच्या कहाण्या लिहून काढल्या होत्या. म्हणजे संपादकाला तुरुंगात घालण्याची युक्ती ब्रह्मदेशात लष्कराने शोधली नव्हती. लष्कराने फक्त तिची सवय केली.

मासिकांवर आणि पुस्तकांवर नजर ठेवायला छाननी मंडळ होतं. मजकूर आधी छापायचा, मग मंडळापुढे ठेवायचा. म्हणजे कागद, शाई, मजुरी हा सगळा खर्च प्रकाशकाचा आणि त्यावरचा निकाल मंडळाचा. जे नको ते चंदेरी किंवा काळ्या शाईने माखायचं, नाहीतर पानच फाडायचं. पान फाडलं की त्याच्या पाठीमागचा निरुपद्रवी मजकूरही जायचा. एखाद्याची निसर्गकविता दुसऱ्याच्या राजकीय लेखाच्या पाठीवर छापली गेली म्हणून बाद व्हायची.

सरकारी दैनिकाला मात्र या उपद्व्यापाची गरज नव्हती. तिथे संपादकच छाननी मंडळ. आता या चरित्रातला अवघड भाग येतो. ‘चेमोन’ सरकारजमा झाल्यावर विन तिन घरी बसले नाहीत. नोकरीत राहिले. आणि १९६९ साली मंडालेला ‘हंतावदी’चे मुख्य संपादक म्हणून गेले ते सरकारी पगारावर. नऊ वर्षं त्यांनी लष्करी राजवटीचं एक दैनिक चालवलं. त्यांच्यावरच्या गौरवलेखांत हा काळ एका वाक्यात उरकलेला असतो, आणि त्याचं कारण उघड आहे. संत घडवायचा तर त्याच्या हजेरीपटावरच्या सह्या अडचणीच्या ठरतात. मला उलट वाटतं. हा माणूस कळायचा तर इथूनच कळेल.

मालक बदलला की बातमीचा वासही बदलतो, हे कुठल्याही वर्तमानपत्रात नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरीही त्याच पानावर जागा असते. पुस्तकपरीक्षणाला जागा असते, गावच्या इतिहासाला असते, भाषेच्या वादाला असते. मंडाले हे राजधानीपासून दूर, बर्मी साहित्याची जुनी परंपरा मिरवणारं शहर. विन तिन यांनी तिथल्या लेखक-वाचकांशी घट्ट संबंध ठेवले. शनिवारी एक साहित्यमंडळ भरायचं. निबंध वाचायचा, चर्चा करायची. आपल्याकडे गावोगावी अशी मंडळं होती आणि त्यांतल्या निम्म्यांत चहापलीकडे फारसं काही घडत नसे. मंडालेत घडलं. १९७८ साली तिथे वाचल्या गेलेल्या एका निबंधात सरकारच्या ‘समाजवादाच्या बर्मी मार्गा’वर टीका होती. एवढ्यावरून विन तिन यांची नोकरी गेली आणि ‘हंतावदी’ बंद झालं.

त्यांना तुरुंगात टाकलं नाही, फक्त बेकार केलं. पुढची दहा वर्षं भाषांतरं आणि लेखन करून पोट भरलं. त्या दहा वर्षांत देश कसा आतून पोखरला, याचं एकच उदाहरण देतो. १९८७ च्या सप्टेंबरात सरकारने २५, ३५ आणि ७५ च्यातच्या नोटा रद्द केल्या, बदली पैसे दिले नाहीत, आणि नव्या नोटा काढल्या त्या ४५ आणि ९० च्यातच्या. का, तर ९ या आकड्याने भाग जातो म्हणून. जनरल ने विनसाहेबांचा तो शुभ आकडा. गादीखाली साठवलेली पुंजी एका रात्रीत कागद झाली. पुढच्या वर्षी, ८ ऑगस्ट १९८८ रोजी, देश रस्त्यावर उतरला. १८ सप्टेंबरला लष्कराने पुन्हा सत्ता हातात घेतली, आणि नऊच दिवसांनी स्थापन झालेल्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी या पक्षाचे विन तिन चिटणीस होते. पक्षाच्या नेत्या ऑंग सान सू ची यांच्या निकटच्या सल्लागारांत ते होते. ४ जुलै १९८९ रोजी त्यांना पकडलं. सू ची यांना घरात डांबलं ते त्यानंतर सोळा दिवसांनी.

पहिली शिक्षा ३ वर्षांची, आणि तीही गुन्हेगाराला आश्रय दिल्याच्या, राजकारणाशी काडीचा संबंध नसलेल्या आरोपाखाली. ती संपायच्या आत १९९२ साली आणखी शिक्षा. १९९६ साली पुन्हा ७ वर्षं. सरकारला तारीख पुढे ढकलायची होती. कलम कोणतं हा तपशील होता. चौकशीत डोक्यावर बुरखा चढवून मारलं, झोपू दिलं नाही, दात पाडले. हृदयविकार, हर्निया, मणक्याचं दुखणं हे सगळं रंगूनच्या इन्सेन तुरुंगातल्या कोठडीत एकेक करून आलं.

आता टिळकांकडे येतो. मराठी वाचक मंडालेचं नाव निघाल्यापासून माझ्याकडे डोळे लावून बसला असणार.

मुजफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांबद्दल टिळकांना १९०८ साली ६ वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेच्या तुरुंगात काढली. तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, पेन्सिलीने. शाई मिळत नव्हती. पण पेन्सिल मिळत होती, वह्या मिळत होत्या, पुण्याहून ग्रंथ मागवता येत होते. इकडे ‘केसरी’ही निघत राहिला. सुटकेनंतर सरकारने हस्तलिखित परत करायला वेळ लावला, तरी अखेर केलं. आता विन तिन. त्यांच्या कोठडीत कागद सापडणं हाच गुन्हा. ते विटेची भुकटी करत, पाण्यात कालवत आणि त्या शाईने भिंतीवर लिहीत. पत्र बंद झालेलं होतं, घर गेलेलं होतं.

इंग्रजांना प्रशस्तिपत्र देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याच इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मंडालेहून उचलून रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना उचलून मंडालेला नेऊन ठेवलं. माणसं अशी सोंगट्यांसारखी हलवणाऱ्या सत्तेची मला ओढ नाही. पण परक्या राज्यकर्त्याला आपण कायद्याने वागतो असं जगाला, निदान आपल्या संसदेला, दाखवावं लागतं. देशाचं स्वातंत्र्य आपणच मिळवलं असं मानणाऱ्या लष्कराला कोणालाच काही दाखवायचं नसतं. गंमत अशी की कायद्याची पुस्तकं दोन्हीकडे एकच. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत होता, त्यामुळे त्यांची दंडसंहिता म्हणजे आपल्याकडे २०२४ पर्यंत चाललेली १८६० सालचीच. आणि विन तिन यांच्या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं कलम हेही त्याच पेढीचा माल: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४०१.

या कलमाखाली सरकार एखाद्याची उरलेली शिक्षा अटीवर स्थगित करू शकतं. व्यवहारात त्याचा अर्थ एक छापील कागद. बाहेर गेल्यावर राजकारण करणार नाही, असं लिहून द्यायचं, खाली सही करायची आणि फाटकातून बाहेर पडायचं. अनेकांनी सही केली. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. त्यांची पोरं बाहेर वाढत होती. विन तिन यांच्यापुढे हा कागद पुन्हा पुन्हा आला. त्यांनी दर वेळी परत केला.

हे मी धैर्य म्हणून वाचत असे. पुस्तक लिहिता लिहिता माझं मत बदललं. धैर्य तर होतंच. पण मला त्यात धंद्याची सवय दिसते. संपादकाचं काम काय? समोर आलेला मजकूर वाचायचा आणि तो आपल्या सहीने जाऊ द्यायचा की नाही हे ठरवायचं. ‘हंतावदी’त नऊ वर्षं या माणसाने मनाविरुद्धचा किती मजकूर जाऊ दिला असेल, हे त्यालाच ठाऊक. दुसऱ्याच्या वाक्यांना आपली सही दिली की काय होतं, हे त्याच्याइतकं जवळून कुणी पाहिलं होतं? इन्सेनमधला तो कागद त्याच्या टेबलावर आलेला शेवटचा सरकारी मजकूर होता. तो त्याने छापायला दिला नाही. प्रत्येक वेळी, नव्या तारखेनिशी.

आणि त्याने तिथेही अंक काढले. इन्सेनमधले राजकीय कैदी चोरून मिळवलेल्या कागदांवर हस्तलिखित नियतकालिकं चालवत. आपल्या शाळांतून भिंतीवर लावायची हस्तलिखितं निघत, रंगीत पेन्सिलींनी सजवलेली. तोच प्रकार, फक्त वाचताना पकडलं तर शिक्षा. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीसाठी तुरुंगातल्या हालांचा एक अहवालही त्यांनी तयार केला. १९९५ च्या नोव्हेंबरात झडती झाली, कागद सापडले. विन तिन यांना लष्करी कुत्र्यांसाठी बांधलेल्या कोठडीत हलवलं, थंडीच्या दिवसांत, नुसत्या फरशीवर. वय पासष्ट. १९९६ ची ती ७ वर्षं याच कागदांबद्दलची. मला विचाराल तर वर्तमानपत्राच्या इतिहासात ‘चेमोन’ आणि ‘हंतावदी’च्या ओळीत या नाव नसलेल्या हस्तलिखितांनाही बसवायला हवं. तपासायला पाठवायचा नाही असा त्यांचा पहिला अंक तोच असेल.

युनेस्कोने २००१ साली त्यांना गिलेर्मो कानो पारितोषिक दिलं. कोलंबियात मारल्या गेलेल्या एका संपादकाच्या नावाचा हा पुरस्कार. घ्यायला ते जाऊ शकले नाहीत, हे सांगायला नकोच.

२३ सप्टेंबर २००८ रोजी ९,००२ कैद्यांच्या सार्वत्रिक सुटकेत ते बाहेर आले, अंगात कैद्याचा निळा शर्ट. माफीच्या अटी त्यांना मान्य नव्हत्या आणि कपडे बदलायलाही ते तयार नव्हते. एकही राजकीय कैदी आत असेपर्यंत मी निळाच शर्ट घालणार, असं त्यांनी ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं. स्वतःचं घर नव्हतंच. मित्राच्या आवारात राहिले. दोन वर्षांनी तुरुंगाच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. २०१२ साली माजी राजकीय कैद्यांना मदत करणारं प्रतिष्ठान काढलं, त्याच्या नावात पुन्हा ‘हंतावदी’. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये छापण्यापूर्वीची छाननी बंद झाली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी अर्धशतकानंतर खासगी दैनिकं पुन्हा बाजारात आली. सगळे हरखले होते. हे म्हातारे मात्र सू ची यांना उघडपणे टोकत होते, की तुम्ही लष्कराशी फार मऊ वागता आहात. पक्षाच्या संस्थापकाने पक्षाच्या देवीला असं बोलणं तिथे कुणाला रुचत नव्हतं.

पुढचं लिहिणं मला जड गेलं, पण गाळलं असतं तर ज्या छाननी मंडळाबद्दल वर लिहिलं त्यातच मी जाऊन बसलो असतो. रोहिंग्या मुसलमान आपल्या देशाचे नागरिक नव्हेत, अशी विन तिन यांची भूमिका होती. त्यांच्या मानवी हक्कांना धक्का लागू नये, असं ते म्हणत. आणि त्याच दमात त्यांना एका जागी, छावणीत ठेवण्याची भाषाही करत. १९ वर्षं कोंडून राहिलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द आले. मी त्याचा खुलासा केलेला नाही, कारण मला पटेल असा खुलासा सापडला नाही. पुस्तकातलं ते प्रकरण सर्वांत लहान आहे आणि ते तसंच राहू द्यावं असं मला वाटलं.

२१ एप्रिल २०१४ रोजी रंगूनच्या रुग्णालयात ते गेले. अंत्ययात्रेला आलेल्यांत निळे शर्ट घातलेले पुष्कळ होते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने तिसऱ्यांदा सत्ता घेतली आणि पाच आठवड्यांत पाच स्वतंत्र वृत्तसंस्थांचे परवाने रद्द केले. त्यांतली ‘मिझ्झिमा’ ही १९९८ साली निर्वासित बर्मी पत्रकारांनी आपल्या दिल्लीत सुरू केली होती. इन्सेन पुन्हा भरलं.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक हातात आल्यावर तुरुंगाच्या प्रकरणाकडे उडी मारण्याचा मोह होईल. आपल्याला संपादक तुरुंगातच आवडतात. आधी १९६९ ते १९७८ चं, मंडालेच्या सरकारी कचेरीतलं प्रकरण वाचा. तिथे कुणी कुणाला मारत नाही. एक माणूस रोज संध्याकाळी टेबलाशी बसतो, समोरचा मजकूर वाचतो आणि पगार घेतो. ते वाचून झालं की मग इन्सेनला जा.